सोर बंदरातले सात दिवस

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २१:३-७



सुटीच्या प्रवासाची तयारी आपण किती बारकाईने करतो! तिकिटे फार आधी काढून ठेवतो. औषधांची पिशवी, छत्री, टोप्या, गाडीत खायला दशम्या आणि चटणी, समुद्रकिनारी जायचे असेल तर मुलांचे जादा कपडे, सारे काही आठवणीने घेतो. कोणत्या दिवशी काय पाहायचे याचा तक्ताही बहुधा तयार असतो. त्या तक्त्यात एक रविवार हमखास येतो. परंतु त्या रविवारी सकाळी आपण कोठे असू, हा प्रश्न पुष्कळ ख्रिस्ती घरांत कोणी विचारीतच नाही. वर्षभर ज्यांची बाकावरची जागा कधी रिकामी दिसत नाही, अशी माणसेही त्या दिवशी बोटीत किंवा बाजारात असतात. यात त्यांना काही चुकले असे वाटत नाही. आपली मंडळी मागे गावी राहिली आहे, तेव्हा उपासनाही तेथेच राहिली, अशी एक समजूत मनात असते. ती कोणी बोलून दाखवत नाही, म्हणूनच तिची तपासणी होत नाही.

आजच्या शास्त्रभागात एक प्रवासी आहे. त्याला घाई आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत असावे म्हणून इफिसला उतरण्याचेही त्याने टाळले, असे लूक आदल्याच अध्यायात सांगतो. पण जहाज त्याच्या मालकीचे नाही. सोर बंदरात माल उतरवायचा आहे, आणि तो उतरेपर्यंत प्रवाशांनी काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे. सोर म्हणजे जुन्या काळापासून गाजलेले व्यापारी शहर. जांभळ्या रंगाच्या कापडासाठी दूरवर प्रसिद्ध. वेळ घालवायला तेथे काही कमी नव्हते. त्यात पौलाच्या मनावर पुढच्या संकटाचे ओझे होते. त्याने दोन दिवस नुसती विश्रांती घेतली असती तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती.

लूक लिहितो की त्यांनी शिष्यांना शोधून काढले आणि ते तेथे सात दिवस राहिले.

'शोधून काढले' या क्रियापदाशी क्षणभर थांबण्याची मी आपणांस विनंती करतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शब्दांपाशी थांबण्याची सवयच लागते. मूळ ग्रीकमध्ये येथे 'अनेउरिस्को' हे क्रियापद आहे. सहज भेटणे किंवा वाटेत गाठ पडणे असा त्याचा अर्थ नाही; विचारपूस करीत, माग काढीत, अखेर सापडणे असा आहे. नव्या करारात ते दोनच ठिकाणी येते आणि दोन्ही वेळा लूकच ते वापरतो. दुसरे ठिकाण त्याच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मेंढपाळ रात्री बेथलेहेमात जातात आणि मरीया, योसेफ व गव्हाणीत निजलेले बालक यांना शोधून काढतात, तेथे. मेंढपाळांना खूण तरी दिलेली होती. पौलाला सोरात काय खूण होती? क्रूस लावलेला मनोरा नाही, फलक नाही, उपासनेच्या वेळा लिहिलेली पाटी नाही. कोणाच्या तरी घरात जमणारी थोडी माणसे, एवढीच ती मंडळी. त्या गजबजलेल्या शहरात गल्लीबोळांतून विचारीत जाऊन त्याने ती गाठली.

ती मंडळी पौलाने स्थापलेली होती असे शास्त्रात कोठे म्हटलेले नाही. मग ती आली कोठून? अकराव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात एक धागा सापडतो. स्तेफनाच्या प्रकरणी जो छळ झाला त्यामुळे पांगलेले लोक फेनिके, कुप्र आणि अंत्युखिया येथपर्यंत गेले, असे तेथे म्हटले आहे. सोर हे फेनिकेतले शहर. म्हणजे ज्या लोकांनी सोरात प्रथम ख्रिस्ताचे नाव नेले, ते बहुधा शौलाच्याच हातून निसटून पळालेले लोक असावेत. आता तोच शौल, पौल होऊन, त्यांच्या दारात उभा आहे. ओळख कशी झाली असेल, पहिले वाक्य कोण बोलले असेल, लूक काही सांगत नाही. त्यांनी त्याला सात दिवस घरी ठेवून घेतले आणि त्याच्या जिवाच्या काळजीने त्याला पुढे जाऊ नको म्हणून विनविले, एवढे मात्र तो सांगतो. आठवडा संपला तेव्हा सारे जण बायकामुलांसह शहराबाहेरपर्यंत त्याला पोहोचवायला गेले आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. मंडळीच्या वर्णनात मुलांचा असा उल्लेख या पुस्तकात क्वचितच आढळतो. आठ दिवसांपूर्वी ज्याला त्या मुलांनी पाहिलेही नव्हते, त्याच्यासाठी ती वाळूत गुडघे टेकून बसली होती.

हे सात दिवस आणखीही दोन ठिकाणी येतात, हे जाता जाता सांगतो. त्रोवसास पौल सात दिवस राहिला आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यास जमलेल्या मंडळीत बोलला. पुत्युलात बंधुजन भेटले आणि त्यांनी आग्रह केला म्हणून तेथेही सात दिवस. तेव्हा तर तो पहाऱ्यातला कैदी होता. सात दिवसांत प्रभूचा दिवस येतोच. लुकाला तेच सुचवायचे होते असा माझा आग्रह नाही.

आता आपल्या प्रवासाकडे येऊ. आपण जेथे सुटीला जातो तेथे चर्च शोधावे लागत नाही. उलट गोवा किंवा कोची येथे चर्च हेच एक प्रेक्षणीय स्थळ असते आणि गाडीवाला आपणहून तेथे नेतो. अडचण येथेच आहे. जे पाहायला आपण गेलो ते पाहून झाले की काम संपते.

कोचीचे सेंट फ्रान्सिस चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. भारतातले युरोपियनांनी बांधलेले सर्वांत जुने चर्च म्हणून ते दाखवले जाते. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला व त्याला येथे पुरले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, तरी त्या जागेचा दगड आजही कठड्यात आहे. मूळ पोर्तुगीज कॅथलिकांचे हे देवालय १६६३ साली कोचीबरोबर डचांच्या हाती गेले, त्यानंतर इंग्रजांच्या, आणि १९४७ पासून ते दक्षिण भारत मंडळीचे, म्हणजे चर्च ऑफ साऊथ इंडियाचे आहे. प्रवासी आत येतात, दगडावरचा मजकूर वाचतात, छायाचित्र काढतात आणि दहा मिनिटांत निघतात. रविवारी तेथे उपासना होते. त्याच बाकांवर माणसे बसतात, त्यांच्यात आजारी असतात, कर्जात बुडालेले असतात, नुकतेच कोणाला पुरून आलेले असतात. दहा मिनिटांच्या प्रवाशाला हे चर्च दिसतच नाही.

तेथली आणखी एक वस्तू मला विसरता येत नाही. छताखाली बाकांच्या वर कापडाचे लांबलचक पंखे टांगलेले आहेत. त्यांच्या दोऱ्या भिंतीबाहेर जात आणि बाहेर बसलेली माणसे त्या ओढीत. मलबारच्या उकाड्यात आत बसलेल्यांना वारा मिळावा, चित्त उपासनेत लागावे, म्हणून भर उन्हात कोणीतरी रविवारमागून रविवार भिंतीच्या पलीकडे दोरी ओढीत बसले. त्यांच्या कानावर आतल्या गायनाचा आवाज तर जात असेलच. त्यांना आत या, असे कोणी म्हटले असेल का? मार्गदर्शक हे पंखे मोठ्या कौतुकाने दाखवतात. वस्तू कौतुकाची आहेच. पण ख्रिस्ती माणसाने त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाचाही विचार करावा. पुढे मी जे सांगणार आहे त्यासाठी ही दोरी ध्यानात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी नेत्रावती एक्सप्रेसने अलप्पुळ्याला गेलो होतो. पावसाळा नुकताच लागला होता, त्यामुळे हाऊसबोटींचे दर उतरलेले. लॉजच्या व्यवस्थापकाने रविवार सकाळची फेरी आणखी स्वस्तात देऊ केली. आम्ही त्याला जवळच्या चर्चची वेळ विचारली, तेव्हा त्याने आधी आमच्याकडे आणि मग पत्नीच्या कपाळाकडे पाहिले. आम्ही ख्रिस्ती असू असे त्याच्या ध्यानात आले नव्हते. कालव्याच्या काठाने वीस मिनिटे चालल्यावर कौलारू छपराचे एक साधे उपासनामंदिर लागले. दक्षिण भारत मंडळीचे. चपला पायरीशी काढलेल्या, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला. त्यामुळे आत शिरताच आम्हा दोघांची ताटातूट झाली. मला दुसऱ्या बाकावर नेऊन बसवण्यात आले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपले उपासनेचे पुस्तक माझ्यापुढे धरले. मला मलयाळम लिपीचे एक अक्षर येत नाही, हे त्यांना कळले असावे; तरी शेवटपर्यंत ते चालू ओळीवर बोट ठेवीत राहिले.

न समजणाऱ्या भाषेत दीड तास बसणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपल्यापैकी किती तरी कुटुंबे नोकरीनिमित्ताने बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता अशा ठिकाणी गेली आणि कानडी, तेलुगू, हिंदी, बंगाली उपासनांत बसत बसत तेथली झाली. त्यांनी सुरुवातीला ज्या शब्दांचा आधार घेतला, तेच माझ्याही उपयोगी पडले. आमेन. हालेलूया. सहस्रावधी वर्षांपूर्वीचे हे इब्री शब्द पुष्कळ भाषांतरकारांनी बदलले नाहीत आणि त्यासाठी मी मनोमन त्यांचे आभार मानले. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल विचारतो, की तुझी भाषा ज्याला कळत नाही त्याने तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणावे? प्रश्न बोलणाऱ्याला आहे. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर, इतरांबरोबर योग्य जागी आमेन म्हणता आले एवढ्यानेही त्याला केवढा धीर येतो!

संदेश चालू झाला. अच्चन, म्हणजे तेथले पाळक, बोलत होते आणि मला काही कळत नव्हते. अकस्मात 'यरीहो' ऐकू आले आणि लगेच 'सक्कायी'. जक्कय! सारा एकोणिसावा अध्याय डोळ्यांपुढे उघडला. आता त्यांनी हात उंच केला म्हणजे झाड, खाली वाकले म्हणजे उतरून ये, हे मला न सांगता कळू लागले. स्वतःहून कोणाच्या घरी पाहुणा म्हणून जाणारा प्रभू, त्याच्याविषयी ते बोलत होते.

मलयाळममध्ये संस्कृत शब्द पुष्कळ असल्यामुळे मराठी कानाला अधूनमधून ओळखीची दारे लागतात, पण आत निराळेच घर निघते. प्रभूला ते 'कर्त्तावु' म्हणतात. आपल्याकडे घरचा कर्ता म्हणजे सर्वांचा भार वाहणारा. प्रीतीला ते 'स्नेहम्' म्हणतात. आपला स्नेह मित्रांपुरता. या दोन भाषांतले नवे करार तसे समवयस्कच. मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी नवा करार १८२६ साली छापला आणि अलप्पुळ्याच्या समोर, वेंबनाड सरोवरापलीकडच्या कोट्टयममध्ये बेंजामिन बेली यांचा मलयाळम नवा करार १८२९ साली छापून झाला. दोन्हीकडे कोणी तरी दिव्याच्या उजेडात एकाच ग्रीक शब्दासमोर अडून बसले असेल.

मग शांतीची देवघेव आली. प्रभुभोजनाच्या उपासनेतला हा भाग दक्षिण भारत मंडळीने १९५० सालच्या आपल्या उपासनाक्रमात सुरियानी परंपरेतून घेतला आणि पुढे जगभरच्या अनेक मंडळ्यांनी या ना त्या रूपात तो उचलला. पाळक वेदीपाशी असलेल्यांना शांती देतात, ते पुढच्या बाकावर देतात, आणि अशी ती हातातून हातात शेवटच्या माणसापर्यंत जाते. देणाऱ्याचा उजवा तळहात घेणाऱ्याच्या उजव्या तळहातावर, आणि दोघांचेही डावे हात वरून झाकलेले. माझ्या शेजारच्या वृद्धांनी माझा हात तसा धरला आणि म्हणाले, "समाधानम्."

मलयाळम शास्त्रात शांतीसाठी हाच शब्द आहे. आपण मराठीत 'शांती' म्हणतो. चांगला शब्द आहे, पण त्यात गलबला थांबल्याचा अर्थ पुढे येतो. मुलांना आपण 'शांत बसा' म्हणतोच. 'समाधान' म्हटले की मराठी मनाला पोट भरलेले, देणे फिटलेले, मनातली रुखरुख गेलेली दिसते. शिवाय शंकेचे समाधान होते, दोन पक्षांचे समाधान केले जाते. धातूकडे पाहिले तर अर्थ आणखी उघडतो : सम्, आ, धा, जे विखुरले ते एकत्र आणून ठेवणे. माझ्या शेजाऱ्यांच्या मनात यातले काय होते, देव जाणे. त्यांच्या भाषेतला तो रोजचा शब्द आहे. पण 'शालोम' या इब्री शब्दाचा जो अर्धा भाग आपल्या 'शांती'त नीट मावत नाही, तो मला त्या दिवशी ज्यांची भाषा मला येत नाही अशा माणसाच्या तोंडून मिळाला. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त स्वतःच आपली शांती आहे आणि त्याने दोघांना एक केले, असे पौल लिहितो. तेथे 'समाधान' वाचून पाहा.

उत्तर भारत मंडळीचे आपले जे वाचक आहेत त्यांना आठवण देतो, की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ती मंडळी एकत्र आली, आणि १९७८ साली उत्तर भारत, दक्षिण भारत व मार थोमा या तीन मंडळ्यांची संयुक्त परिषद झाली. एकीचा सभासद दुसरीच्या मेजाशी परका नाही. हे ठराव आपण वाचले असतील. ठरावाला हात असतात आणि ते उबदार असतात, हे मात्र प्रवासात कळते.

आता त्या दोरीकडे येतो.

शांती हातोहात मागे जात होती तेव्हा मी वळून पाहिले. ती शेवटच्या बाकापर्यंत गेली. बाकांच्या मागे, पडवीत, दाराच्या चौकटीला टेकून तीन तरुण उभे होते. शेवटच्या बाकावरच्या माणसाने हात घेतला आणि तो पुन्हा वेदीकडे तोंड करून उभा राहिला. एवढेच. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मग स्त्रियांच्या बाजूने एक वृद्धा उठली, काठी टेकीत पडवीपर्यंत गेली आणि तिघांचेही हात एकामागून एक तिने आपल्या हातांत घेतले.

उपासनेनंतर मला कपबशीतून चहा मिळाला. मुंबईत काय करता, किती दिवस आहात, मुले किती, अशी आपुलकीची विचारपूस झाली. ते तिघे तोपर्यंत पायरीवर चपला घालीत होते. मी जाऊन हिंदीत बोललो. झारखंडचे होते, इमारतीच्या कामावर आलेले. दोघांच्या घरची मंडळी लुथरन. १८४५ साली रांचीला आलेल्या गोसनर मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिलेली ती मंडळी. म्हणजे त्यांच्या घरी ख्रिस्ताचे नाव माझ्या घरापेक्षा थोडे आधीच पोहोचले असावे. एकाच्या मोबाइलमध्ये मुंडारी नवा करार होता, तो त्याने मला दाखवला. आठ महिने ते या चर्चमध्ये येत होते. मलयाळम कळते का, असे मी विचारले. "कामापुरते," तो म्हणाला. मग काही न कळता येता कशासाठी? तो थोडा लाजला. "आई दर रविवारी फोनवर विचारते, गिरजाला गेलास का. खोटे कसे सांगू?"

मी चार दिवसांचा पाहुणा, मला दुसरा बाक. तो आठ महिन्यांचा, त्याला चौकट. केरळ सरकार परप्रांतीय कामगारांना 'अतिथी तोळिलाळी', म्हणजे पाहुणे कामगार म्हणते. शब्द फार सुंदर आहे. पण अतिथीला बाक लागतो.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण श्रीमंत आणि गरीब यांच्यावर म्हणून वाचतो. तो पुन्हा उघडा. सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या वस्त्रांतला, हे दोघे तुमच्या सभेत येतात, असे याकोब म्हणतो. दोघेही बाहेरून आत येणारे आहेत, दोघांनाही जागा दाखवावी लागते. म्हणजे ते नेहमीचे सभासद नसून नवखे आहेत असे मला वाटते. एकाला म्हणतात, येथे बरे बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिकडे उभा राहा. ही अलप्पुळ्याची गोष्ट नव्हे. मुंबई, पुणे, सुरत, नाशिक येथल्या आपल्या मराठी उपासनांत हल्ली झारखंडचे, ओडिशाचे, ईशान्येकडचे तरुण मागे येऊन बसू लागले आहेत. कोणी पहारेकरी असतो, कोणी हॉटेलात काम करतो. आशीर्वाद होताच ते निघून जातात. त्यांची नावे आपल्या किती पंचांना ठाऊक आहेत? परदेशातून आलेल्या पाहुण्याला मात्र आपण व्यासपीठावरून दोन शब्द बोलायला लावतो.

ग्रीक भाषेत परक्या माणसासाठी 'क्सेनॉस' असा शब्द आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले, तेथे तोच आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी, मंडळीला आपल्या घरी जागा देणाऱ्या गायसालाही पौल हाच शब्द लावतो, आणि तेथे त्याचा अर्थ यजमान. भाषांतरकाराला दोन ठिकाणी दोन शब्द घालावे लागतात. ग्रीक माणूस मात्र यजमान आणि परका यांना एकाच नावाने हाक मारीत होता. आपल्या खेड्यांत काही प्रमाणात तसेच आहे. वाटेवरच्या अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' असे विचारतात, आणि मुलगी दिलेल्या घरच्यांनाही पाहुणेच म्हणतात. परका आणि सोयरा, दोघांना एक शब्द.

'पारोइकोस' असा दुसरा एक शब्द आहे : दुसऱ्याच्या गावात उपऱ्यासारखा राहणारा. अम्माऊसच्या वाटेवर क्लयपा ज्या प्रवाशाला विचारतो, यरुशलेमेत राहणारा तूच एकटा असा आहेस काय की ज्याला हे ठाऊक नाही, तेथे याच शब्दाचे क्रियापद आहे. तो उपरा कोण होता हे आपण जाणतो. यापासून बनलेल्या 'पारोइकिआ' या नामातूनच पुढे 'पॅरिश' हा शब्द आला. ज्याला आपण आपले पॅरिश म्हणतो, आपली बाके, आपली कबरस्थानातली जागा, त्या शब्दाचा मूळ अर्थ उपऱ्यांची वस्ती असा आहे. आणि इफिसकरांस पत्राच्या त्याच दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात पौल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतो : आता तुम्ही 'क्सेनॉस' नाही आणि 'पारोइकोस' नाही, तर देवाच्या घरचे आहात. हे वाचून आपल्याला आनंद होतो, कारण 'तुम्ही' म्हणजे आपण असे आपण धरतो. पडवीत उभ्या असलेल्या मुलाला हे वचन वाचून दाखवायचे तर कोणत्या तोंडाने, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे.

काही वाचक म्हणतील, सुटी विश्रांतीसाठी असते. खरे आहे. प्रभूनेही शिष्यांना एकांती थोडा विसावा घ्या असे सांगितले. पण रोजच्या कामापासून विसावा आणि बंधुजनांपासून विसावा या निराळ्या गोष्टी आहेत. आणखी एक सबब २०२० च्या टाळेबंदीनंतर रूढ झाली आहे : आम्ही लॉजवर बसून मोबाइलवर आपल्याच चर्चची उपासना पाहतो. आजाऱ्यांना आणि वृद्धांना या सोयीने मोठा आधार दिला, त्याबद्दल देवाची स्तुती असो. धडधाकट माणूस, ज्याच्या खिडकीतून चर्चची घंटा ऐकू येते, त्याने मात्र योहानाचे दुसरे पत्र वाचावे. पुष्कळ लिहिण्यासारखे असूनही कागद आणि शाई बाजूला ठेवून समोरासमोर भेटण्याची आशा योहान धरतो, म्हणजे आनंद पूर्ण होईल. कागद आणि शाई ही त्या काळची मोबाइलसेवाच होती.

चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरे करतो. उपासनेची वेळ शनिवारीच विचारावी. किनाऱ्यावरच्या गावांत ती आपल्यापेक्षा बरीच लवकर असते. चपला जेथे इतरांनी काढल्या तेथे काढाव्या, आणि छायाचित्रे काढू नयेत. मंडळी आपल्या परंपरेची नसेल, विशेषतः कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स असेल, तर प्रभूच्या मेजाकडे न विचारता जाऊ नये. बाकावर बसून प्रार्थना करणेही सहभागच आहे. सोयऱ्यांच्या घरी जेवताना आपण 'आमच्याकडे भाजी अशी करीत नाहीत' असे म्हणत नाही, तेवढी रीत गायन आणि संदेश यांच्या बाबतीतही पाळावी. दानपेटीत निदान बोटीच्या एका तासाच्या भाड्याइतके तरी टाकावे. आणि निघण्यापूर्वी एकदा मागे वळून शेवटच्या बाकापलीकडे पाहावे. यजमान मंडळीला जे रोजच्या सवयीने दिसेनासे झालेले असते ते पाहुण्याला दिसते, आणि पाहुण्याला दोन शब्द बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

पौलाचे जहाज सोराहून निघाले. किनाऱ्यावरची माणसे आपापल्या घरी परतली. पुढचे बंदर प्तलमैस. तेथे त्याला एकच दिवस मिळाला, आणि तोही त्याने बंधुजनांना भेटून त्यांच्याच घरी काढला.